माझ्या आईचं नाव सिस्टर

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव-गाव कुणालाच माहीत नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

काटोलच्या दवाखान्यात बाळंतपणात माझ्या आजीचं रक्त थांबेना, तेव्हा तुम्ही स्वतःचं रक्त दिलंत. आजोबांनी नाव विचारलं, तर हसून म्हणालात, "सिस्टरच म्हणा." त्यांनी पोरीचं नावच सिस्टर ठेवलं. ती माझी आई.

लग्नात सासरचे नाव बदलायला निघाले. आई सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, हेच राहू द्या. त्या बाईमुळे मी अन् माही माय जित्या आहो."

काल हुडकेश्वरच्या घरी वंशावळ काढताना माझ्या लेकीनं विचारलं, "आजीचं नाव असं काहून वं?" मी सगळं सांगितलं.

"मग त्या यात काहून नाहीत?" म्हणत तिनं पणजीच्या शेजारी तुम्हाला लिहून टाकलं.

तुमची ऋणी,
गुंजन