सदर हवालदार अर्जदाराचे मामा नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
महामार्ग वाहतूक पोलीस.
(पारोळ्याच्या पुढचा तो टप्पा जळगावकडे येतो की धुळ्याकडे, हे अर्जदाराला तीन ठिकाणी तीन प्रकारे सांगण्यात आले आहे. सबब ज्या साहेबांच्या टेबलावर हे पाकीट फुटेल त्यांनी स्वतःलाच 'प्रति' समजावे.)

अर्जदार : लोकेश डिगंबर सपकाळे, वय २६, धंदा मोबाईल दुरुस्ती, रा. असोदा, ता. जि. जळगाव.

विषय : भरधाव वेगाच्या चलनास हरकत घेणेबाबत, व चलन करणारे हवालदार हे अर्जदाराचे मामा नसल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) दि. ११ मे २०२५ रोजीचे ई-चलन (मर्यादा ताशी ८०, वेग ताशी १०३).
२) आपल्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर, "असा नमुना आमच्याकडे नाही."

महोदय,

१. वरील चलनाचा दंड अर्जदाराने भरलेला असून आपल्या नोंदीत प्रकरण निकाली निघालेले आहे. ते निकाली निघालेलेच नाही असे धरून पुढील मजकूर वाचावा, ही विनंती. दंड परत मागण्याचा अर्जदाराचा हेतू नाही. वेग होता. उलट गाडीचे मेकॅनिक हबीबभाई यांनी चलनाची प्रत मागून घेऊन गॅरेजात लावली आहे. "लोकेशभाय, ये गाडी सौ के ऊपर गई, मेरी बीस साल की इज्जत हो गई," असे त्यांचे म्हणणे. या प्रकरणात ज्याचे भले झाले असा हा एकमेव इसम आहे.

२. घटनेच्या दिवशी सायंकाळी गोरज मुहूर्तावर अर्जदाराची धाकटी बहीण दिपमाला हिचे लग्न होते. वधूला मामाने हाताला धरून बोहल्यावर आणायचे आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, ही रीत साहेबांना माहीत असेलच. अर्जदाराचे सख्खे मामा एकच. पितांबर सैंदाणे, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. यांचे गाव पारोळ्याच्या पुढे महामार्गापासून आत आहे. लग्नाला आणायला घरचा माणूस गाडी घेऊन आला तरच येणार, आणि फाट्यावर सकाळी दहाला उभा राहणार, असे त्यांनी कळविले होते. कंडक्टरकीत त्यांनी कोणासाठी गाडी थांबविली नव्हती, त्यामुळे त्यांना वेळेची फार चाड.

अर्जदाराचे एक चुलत मामाही आहेत. पुना सैंदाणे. बांधावरच्या एका बाभळीवरून पितांबर मामा आणि पुना मामा बारा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. बाभूळ कधीच वाळून गेली. हळदीच्या दिवशी पुना मामांनी नवी टोपी घालून सर्वांसमक्ष सांगितले होते की पितांबर नाही आला तर मी आहेच. हे वाक्य त्याच संध्याकाळी पितांबर मामांपर्यंत पोहोचले. आमच्या नात्यात यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नाही.

३. अर्जदार असोद्याहून निघाला तेव्हा उशीर झालेला होता. येथे एका गोष्टीची नोंद व्हावी. पुढे पोलीस उभे असतील तर समोरून येणाऱ्या गाडीला डिपर मारून सावध करायचे, हा रस्त्यावरचा धर्म अर्जदार गाडी शिकल्यापासून पाळत आला आहे. ओळखीच्यांना मारला, अनोळखी माणसांना मारला, मध्य प्रदेशच्या पासिंगला मारला, एकदा चुकून आपल्याच खात्याच्या जीपला मारला. हे आपल्याकडे कबूल करणे शहाणपणाचे नाही, पण पुढचे दुःख त्याशिवाय कळणार नाही. त्या दिवशी पारोळा सोडल्यावर समोरून सात गाड्या गेल्या. पैकी एकीच्या काचेवर 'असोदा' असे लिहिलेले होते. सातांपैकी एकानेही दिवा लावला नाही.

आठवी गाडी गिरधरभाऊंची. गिरधरभाऊ हे रावेरची केळी पोचवून रिकामा ट्रक घेऊन परतत होते. लहानपणापासून अर्जदाराला ओळखतात, आणि अर्जदार मामाला आणायला चालला आहे हेही त्यांना ठाऊक होते. रस्त्याचे काम चालू असल्याने दोन्ही गाड्या हळू झाल्या. त्यांनी केबिनमधून अर्धे बाहेर येऊन ओरडून सांगितले, "मामा पुढे उभा शे. उन्हमा उभा राहीसन तुनीच वाट पाही राह्यना."

साहेब, वाहतूक पोलिसाला बठ्ठा महाराष्ट्र मामा म्हणतो, हे अर्जदारास मान्य आहे. पण ज्याचा सख्खा मामा त्याच रस्त्यावर त्याच वेळी उभा राहणार आहे, त्याने यातून काय समजावे? अर्जदाराला मे महिन्याच्या उन्हात ताटकळलेले पितांबर मामा दिसले. त्याने पाय दाबला. नुसता डिपर मारला असता तर अर्जदार ऐंशीवर आला असता, कारण डिपरला दोन अर्थ नसतात. यावर गिरधरभाऊंचे आजही एवढेच म्हणणे आहे, "मी मामा शे इतलंच सांगं. कोना मामा, ते तू इचारं का?"

४. थोड्याच अंतरावर निंबाखाली पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेला एक गृहस्थ हात वर करून उभा दिसला. पितांबर मामा नोकरीतल्या खाकी पँटी अजून वापरतात, वर पांढरा शर्ट घालतात. चलनावरच्या छायाचित्रात अर्जदार हसताना व हात हलविताना दिसतो, त्याचा हा खुलासा आहे. खात्याची चेष्टा करण्याचा उद्देश नव्हता. अर्जदाराने गाडी त्यांच्यापाशी उभी केली, डावीकडचे दार आतून उघडले आणि "बसा मामा, उशीर झाला" असे म्हणून वर पाहिले.

सदर हवालदार यांचे नाव अर्जदार मुद्दाम लिहीत नाही. त्यांना त्रास व्हावा अशी इच्छा नाही.

५. अर्जदाराच्या पुढे अकरा वाहनचालक होते. अकराही जण हात जोडून "मामा, जाऊ द्या ना मामा" म्हणत होते, आणि सुटून दहा पावलांवर गेले की त्याच मामांबद्दल जे बोलत होते ते अर्जात लिहिता येत नाही. अर्जदाराची पाळी आली तेव्हा त्याने आपण मामाला आणायला चाललो आहोत असे सांगितले. हवालदार कागद चाळत म्हणाले, "इथे आलेला प्रत्येक जण मामाकडेच आलेला असतो. रोज दोनशे भाचे होतात मला. सख्ख्या भाच्याने लग्नाची पत्रिका मोबाईलवर टाकली, तीही ग्रुपमध्ये."

तेवढ्यात, कुठपर्यंत आलास हे विचारायला पितांबर मामांचा फोन आला. "कथा शे तू?" अर्जदार घाईत होता. त्याने दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहितो : "मामांनी धरलंय. मामा सोडत नाहीत. मामांचं आटोपलं की लगेच निघतो."

ज्या निंबाखाली हे बोलणे झाले तिथून पुना मामांचे घर हाकेच्या अंतरावर आहे. फाट्यावर यायचे तर त्यावरूनच यावे लागते, आणि हे पितांबर मामांना पाठ आहे.

मग पितांबर मामा म्हणाले, "बरं शे. मंग तोच मामा लई जाय." आणि फोन बंद झाला, तो आजतागायत बंद आहे.

६. अर्जदाराचा चेहरा पाहून हवालदारांनी कागद परत दिले. "जा भाचा, लग्नाचं काम आहे, जा," असे ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले. एवढा मोकळा शब्द त्या दिवसात अर्जदाराला दुसऱ्या कोणी दिला नव्हता. गेले आठ दिवस पत्रिका वाटून हाताला सवय लागली होती, म्हणून गाडीत उरलेली एक पत्रिका अर्जदाराने त्यांना दिली. तेव्हा दहा पस्तीस झाले होते. गाडी थांबली होती नऊ पन्नासला.

फाट्यावर मामा नव्हते. पानटपरीवाले अतिकभाई यांनी एक पिवळी पिशवी पुढे केली. आत लग्नाला मामाने नेसवायची साडी होती. "हाई भाचीले दी दे" असे सांगून मामा चालत परत गेले, आणि अतिकभाईंनी पाणी विचारले तर तेही घेतले नाही, असे कळले. अर्जदार त्यांच्या घरी गेला. दाराला आतून कडी होती. अर्ध्या तासात कडी हलली नाही.

७. सायंकाळी मंडपात अर्जदाराची आई सुगंधाबाई ओवाळायचे ताट घेऊन वेशीकडे तोंड करून उभी होती. लांबून पांढरा शर्ट व खाकी पँट येताना दिसली. आई दहा पावले पुढे गेली, आणि थांबली. ते आपले हवालदार होते. ड्यूटी संपवून गणवेशातच आले होते, हातात स्टीलचा डबा. ताट हातात होतेच, म्हणून आईने त्यांनाच ओवाळले.

मुहूर्त जवळ आल्यावर पुना मामा टोपी सारखी करून पुढे झाले. आईने त्यांना अडविले. "पुनाभाऊ, तू उभा राहिलास तर पितांबरचं खरं होईल. मग तो जन्मात माझ्या दारात येणार नाही." असे बोलून तिने हवालदारांकडे पाहिले. ते वरणभाताला बसणार होते. त्यांनी टोपी काखेत मारली, हात धुतले आणि दिपमालाला हाताला धरून बोहल्यावर आणले. पितांबर मामांची साडी, आणि पाठीशी आपले खाते.

तिसऱ्या मंगलाष्टकाला अर्जदाराच्या खिशात मोबाईल वाजला. चलनाचा संदेश होता. ज्यांनी 'जा भाचा' म्हटले ते त्या वेळी अर्जदारापासून दोन पावलांवर अक्षता टाकीत होते. नंतर विचारले असता म्हणाले, "मी सोडलं होतं. यंत्राने नाही सोडलं. यंत्राला भाचे नसतात." अर्जदाराने त्यांच्यापुढे वरणभाताचे ताट ठेवले. ते पाहुणे होते.

८. लग्नाचा एक फोटो कोणीतरी मामांच्या गावी दाखविला. फोटो मागून, कमरेपर्यंतच काढलेला आहे. दिपमालाच्या पाठीशी एक पांढरा शर्ट आहे, टोपी काखेत असल्याने मागून दिसत नाही. पुना मामाही पांढराच शर्ट घालतात. झाले. रक्षाबंधनाला आईने पाठविलेले पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आले. ते तिने फोडले नाही, गव्हाच्या डब्यावर ठेवले आहे. धरणारे मामा पोलीस होते असे कळविले असता अतिकभाईंमार्फत मामांचा एकच निरोप आला : "लेखी आन. शिक्कावाला कागद आन." छत्तीस वर्षे तिकिटाशिवाय कोणाला गाडीत न बसविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. आई म्हणते, कडी उघडी असेल तर जाईन. नसेल तर पुन्हा कधी विचारणार नाही.

९. म्हणून अर्जदार सदर हवालदारांकडे गेला व 'मी लोकेशचा मामा नाही' एवढी एक ओळ मागितली. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. म्हणाले, "दुसरं काहीही लिहून घे. चलन चुकलं असं लिहितो. पण मी मामा नाही असं माझ्या हाताने लिहिणार नाही. दोनशे जण रोज म्हणतात, त्यातलं एकदाच कोणी खरं धरलं." आखाजीच्या सणाला माहेरी आलीस तर इकडेही ये, असे त्यांनी दिपमालाला परस्पर कळविलेही आहे. अर्जदार ज्यांच्या एका ओळीवर विसंबून होता ते असे निघाले. राग कोणावर धरावा हे अर्जदारास ठरविता आलेले नाही, म्हणून हा अर्ज.

१०. तरी साहेबांनी मेहेरबान होऊन पुढीलप्रमाणे हुकूम व्हावेत :

(अ) दि. ११ मे रोजी अर्जदारास ज्या मामांनी धरले होते ते पुना सैंदाणे नसून शासकीय होते, असा दाखला गोल शिक्क्यासह भाऊबीजेपूर्वी मिळावा.

(ब) सदर हवालदार यांचा अर्जदाराच्या मामापदावरील अतिरिक्त कार्यभार काढून घेण्यात यावा. मात्र हे त्यांना समोरासमोर सांगू नये.

(क) वरील दोन्ही नियमात बसत नसल्यास, घटनेच्या दिवसाची सकाळी नऊ पन्नास ते दहा पस्तीस ही पंचेचाळीस मिनिटे आपल्या ताब्यात जमा आहेत. ती अर्जदारास मूळ स्वरूपात परत करावीत. साक्षांकित प्रत चालणार नाही.

आपला नम्र, व तूर्त मामाविना,
(सही)
लोकेश डिगंबर सपकाळे
असोदा, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. चलनाची छायांकित प्रत (मूळ प्रत हबीबभाईंच्या गॅरेजात).
२. लग्नाचा फोटो, मागून.
३. रक्षाबंधनाच्या पाकिटाचा फोटो. पाकीट आई देत नाही.
४. पिवळी पिशवी, रिकामी. पाहून परत करावी, मामांची आहे.

टीप : मुद्दा (क) मधील मिनिटे मंजूर झाल्यास ती टपालाने पाठवू नयेत. घेण्यास नकार येऊ शकतो. अर्जदार स्वतः येऊन, ऐंशीच्या आत गाडी चालवून, ती घेऊन जाईल व तशीच फाट्यावर नेऊन देईल.