अडकलेली लिफ्ट आणि तुझा नंबर

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगं सध्या थरथरत नाहीत, म्हणून मुद्दाम घातला.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? सासूबाईंची चौकशी करायला मला तोंड नाही, कारण त्यांच्या पंच्याहत्तरीच्या केकवर मी पिऊन बसलो होतो. आज माझा न पिण्याचा एकशेतेरावा दिवस आहे.

दारू सुटावी म्हणून आठवड्यातून दोनदा मी एका गटात बसतो. तलफ आली की काय करायचं ते तिथे शिकवतात: चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, समोर दिसतील त्या पाच वस्तू मोजायच्या, आणि आपल्या माणसाला फोन करायचा. आधी मला हसू आलं. पण पंधरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला आतून पाहिल्याशिवाय कुठलंही यंत्र पटत नाही, म्हणून हे नेमकं चालतं कसं याचा मी नादच घेतला. गटातले निवृत्त मास्तर श्वासाचे आकडे हजेरी घेतल्यासारखे पुकारतात. बेकरीवाला पाच वस्तू मोजतो आणि सहावी म्हणून टेबलावरचं बिस्कीट खातो. आमच्या समुपदेशक बाई मात्र इतक्या शांत, की यांना कधी घाम तरी फुटतो का, हेच मला कुतूहल.

मंगळवारी तेही फिटलं. वर्ग संपवून आम्ही आठ जण लिफ्टने उतरत होतो आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. बाई आधी हसल्या, मग भिंतीला टेकल्या, मग "मला बंद जागेत नाही हो जमत" म्हणत खालीच बसल्या. आणि ताई, गंमत बघ, आम्ही सातही बेवडे एकदम त्यांची शिकवणी घ्यायला लागलो. मास्तरांनी श्वासाचे आकडे पुकारले. बेकरीवाल्याने पाच वस्तू मोजायला लावल्या (लिफ्टमध्ये असतं काय? चार बटणं आणि त्याचं पोट, यावर भागवलं). बाईंचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मी डोळे फाडून बघत होतो. हे यंत्र खरंच चालत होतं!

मदत यायला चाळीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात मास्तरांना तलफ आली, आणि जांभई पसरावी तशी ती सगळ्यांना आली. बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आपापल्या माणसाला फोन करा." मीही केला. तुलाच. (पहिल्याच दिवशी अर्जावर तुझा नंबर लिहून ठेवलाय, न विचारता.) तू काय सुंदर बोललीस! घाबरू नकोस म्हणालीस, जेवलास का विचारलंस. मास्तरांचे डोळे भरून आले. सगळा गट तुझ्यावर खूश आहे. तुला यातलं काही आठवत नसेल, त्याचा खुलासा खाली करतो.

तुझा (अजून म्हणवून घेत असशील तर) धाकटा भाऊ

ता.क. लिफ्ट मीच बंद पाडली. दाराचा खटका ढिला वाटला, म्हणून चालत्या लिफ्टचं दार बोटभर सरकवून पाहिलं, आणि खटका अडकून बसला; तो बाहेरूनच सुटतो, आतून माझंही काही चालेना. हे गुरुवारी गटात कबूल करायचंय. तिथे खोटं चालत नाही.

आणखी ता.क. म्हणून हेही सांगतो. फोन तू उचलला नव्हतास. त्या केकनंतरच्या आठ महिन्यांत एकदाही उचलला नाहीस, आणि तुझं काही चुकलं नाही. घंटा वाजून वाजून थांबली, सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मीच चार मिनिटं "हो ताई, जेवलो ताई" करत राहिलो. तलफ खरोखर उतरली, याचं मला अजून नवल वाटतं. पण बनावट भाग घातलेलं यंत्र किती दिवस चालतं, ते मला धंद्यामुळे माहीत आहे. गुरुवारी गट सुटला की संध्याकाळी सात वाजता फोन करतो. गोड बोलायची सक्ती नाही, शिव्या दिल्यास तरी चालेल. फक्त या वेळी तू बोल.