बाजूच्या पट्टीतले अण्णा

३ फेब्रु., मंगळ.
प्र.ने ब्लॉगचा पासवर्ड दिला. पुण्याहून सुट्टी काढून आलीय, सरळ दुकानात आली, चिठोऱ्यावर लिहून दिला. मेसेजवर नको म्हणाली. चिठोरा पाकिटात. (प्रज्ञा असं पूर्ण लिहिलं की पुढचं सुचत नाही, म्हणून प्र.)
काम असं: तिच्या वडिलांचा, अण्णांचा ब्लॉग नीट दिसेल असा करायचा. अण्णा रेल्वेत चावीवाले. रोज हातोडा खांद्यावर घेऊन घाटातला रूळ तपासत, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत चालायचे. १ मार्चला त्यांना जाऊन दोन वर्षं. घरी पुण्यानुमोदन आहे, त्यांच्या गँगची माणसं येणार. तेव्हा टीव्हीवर ब्लॉग लावायचाय.
"तुला येतं ना रे हे?"
येतं म्हणालो. सेकंड इयरला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, पण सीएसएस, म्हणजे वेबपानं सजवणं, शिकूनच बाहेर पडलो.
मागून जनाभाऊ, दुकानाचे मालक: "सुश्या, आदी ह्या मावशींचं आधार प्रिंट कर, मंग काय दात काढायचेत ते काढ."

५ फेब्रु.
दुपारी लोणावळ्याचा बाजार झोपतो तेव्हा उघडला. निळ्यावर पिवळी अक्षरं. खालून पळणारं 'आपले स्वागत आहे'. माउसमागे चांदण्या. प्र.ने बारावीत असताना करून दिलेला, तेव्हा तिला हेच भारी वाटायचं.
पोस्ट फक्त चार. बाकी सगळं उजवीकडच्या पट्टीत! 'माझ्याविषयी' लिहायला तिने एक चौकोन उघडून दिला होता. पोस्ट कुठे टाकतात हे अण्णांना कळलंच नाही, चार वर्षं त्या चौकोनातच रोज एक-दोन ओळी लिहीत गेले. तारीख नाही, काही नाही. पट्टी खाली खाली, विहिरीत दोर सोडल्यासारखी.

'धुकं. हाताला हात दिसत नाही. रूळ पायानं ओळखला.'
'चाव्या ढिल्या होत्या, ठोकल्या. माकडं बघत बसलेली. त्यांना पगार नाही.'
'गाडीतल्या बाळानं टाटा केला. मी हातोडा वर केला. आई घाबरली त्याची.'

हसलो एकटाच. दीड तास वाचत होतो, रंग बदलायचं राहूनच गेलं.

८ फेब्रु., रवि.
कुरवंड्यात, प्र.च्या घरच्या ओट्यावर. लॅपटॉप मांडीवर, शेजारी प्र. दोन तास दोघं एकाच स्क्रीनकडे बघत होतो. दोन तास.
निळा काढला, पांढरा टाकला. चांदण्या काढल्या, तर म्हणाली, "एवढ्या राहू दे ना." परत टाकल्या. ओळी आटोपशीर दिसाव्यात म्हणून त्यांच्यातलं अंतर कमी केलं आणि तिथेच घोळ. मराठीला वर जागा लागते. मात्रा, वेलांट्या छाटल्या गेल्या. मावशी (प्र.ची आई) मोबाईल लांब धरून वाचायला बसल्या: "आरं सुशांत, ह्यांच्या अक्षरांची डोस्की कुटं गेली?"
प्र. इतकी हसली की ठसका लागला. मी चूक दाखवायला स्क्रीनशॉट काढून ठेवला, नंतर अंतर वाढवलं. डोस्की आली.
जाताना प्र.: "पूर्ण पट्टी मी पण कधी वाचली नाही रे. वाटायचं, आहेच की तिथे."

११ फेब्रु.
एक बंगलेवाला आला होता, त्याचंही पान मी करतोय. "स्विमिंग पूल लुकलुकला पाहिजे." पूल लुकलुकत नाही म्हणालो. "मग तुला येतंय काय?" उठलोच होतो. जनाभाऊंनी मनगट धरलं. पूल लुकलुकतोय आता.

१४
काही नाही. लिहीत नाही.

१५ फेब्रु., रवि.
प्र. या रविवारी आली नाही, पुण्यातच. फोन आला. तिच्या ऑफिसात कोणी निकेत आहे, त्याने ब्लॉग बघितला. मोबाईलवर पट्टी पार तळाला जाते म्हणे, रिस्पॉन्सिव्ह नाही म्हणे. तयार थीम टाकली की पाच मिनिटांचं काम म्हणे.
"मग त्यालाच सांग ना!"
"अरे, त्याने नुसतं बघितलं."
"मला येत नाही असं वाटतं ना तुला?"
"सुशांत, तुझा राग जरा बॅकअपला टाकत जा." आणि ठेवला.
पाच मिनिटं. मी दहा दिवस एकेक रंग लावतोय.
रविवारी दुकानाला गर्दी, पण मी जनाभाऊंना पोट बिघडलं म्हणून सांगितलं, घरी आलो. एक थीम शोधली, भारीतली. चढवली. मधे एक चौकट आली: जुन्या थीममधली गॅजेटं ठेवायची की काढायची? काढ म्हणालो. जुनं सगळंच काढ.
देखणं झालंय. मोबाईलवर सरसर. लिंक पाठवली, वर लिहिलं 'साडेचार मिनिटं'.
उत्तर आलं: 'वा!! अण्णांना आवडलं असतं.'
तीनदा वाचलं ते.

१७ फेब्रु., मंगळ.
गॅजेट म्हणजे पट्टी. पट्टी म्हणजे अण्णा.
आज सकाळी पट्टीला किनार लावायला गेलो तर पट्टी नाही. वाटलं, लपली असेल. कोडमध्ये बघितलं. चौकोनच नाही.
चार पोस्ट आहेत. 'आपले स्वागत आहे' सुद्धा मी हाताने पुन्हा टाकलेलं, ते आहे.
बॅकअप घेतला नव्हता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवतात: आधी कॉपी, मग हात. मला राग आला होता.

१८ फेब्रु.
काय काय केलं:
ब्राउझरचा साठा उपसला. थीमचे तुकडे मिळाले, मजकूर नाही. जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साइटवर बघितलं, एकच प्रत आणि ती ब्लॉग काढला त्या आठवड्यातली, पट्टीत 'नमस्कार' एवढंच. अण्णांचा जुना मोबाईल? मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं. "त्यो व्हय? भांडीवाल्या बाईला दिला. हे टोपलं घेतलं बघ त्याच्यावर." टोपल्यात भाकरी होत्या. मला एक दिली. खाल्ली.
हाती काय? डोस्की उडालेला तो एक स्क्रीनशॉट. वहीत उतरवलेल्या तीन ओळीही त्यातल्याच. पाच ओळी.
प्र.चा मेसेज: 'पट्टी दिसत नाहीये?' मी: 'सजवतोय. नंतर लावतो.'
पहिली थाप.

२० फेब्रु.
शेवटी निकेतला फोन केला. नंबर प्र.कडून घेतला, 'एक तांत्रिक शंका' म्हणून. शिव्या तयार ठेवल्या होत्या, पण साला चांगला निघाला. सगळं ऐकून घेतलं, मधे हसला नाही. त्याने स्वतः तासभर खटपट केली.
"नाही रे मित्रा. ते गेलं."
"काहीच नाही?"
"काहीच नाही. तिला सांग तू. मी सांगणार नाही, ते तुझं आहे."
मित्रा म्हणाला. वाईट असता तर बरं झालं असतं. मारामारी तरी करता आली असती.

२२ फेब्रु., रवि.
कुरवंड्याला सांगायलाच निघालो होतो. ओट्यावर प्र. पाहुण्यांची यादी करत होती. "मुकादम सखारामबाबा खास पट्टी ऐकायला येणारेत. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, मी वाचून दाखवणार." मग माझ्याकडे बघून, "तू नसतास तर कोणी केलं असतं रे हे?"
चहा पिऊन परत आलो.

२४ फेब्रु.
आठवतंय तेवढं लिहून काढलं. मी ती पट्टी दोनदा वाचली होती, बऱ्याच ओळी तोंडात आहेत. निदान तसं वाटतं. पांगारा फुलल्याची. बोगद्यात हरवलेल्या चपलेची. घाट चढताना इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकतं, ती. काहींचं शेपूट आठवतं, डोकं नाही. डोकं मी लावलं. मग दोन-तीन पूर्णच. हात त्या चालीवर गेला की थांबत नाही. आणि शेवटी एक अशीच लिहिली:
'प्रज्ञाचा निकाल. आज हातोडा हलका वाटला.'
का लिहिली? तिला आवडेल म्हणून. बस. एवढंच.
एकोणीस ओळी. चौकोन केला, किनार लावली. तिला कळवलं: बरंच जुनं उडालं, एवढंच वाचलं. म्हणजे अर्धं खरं सांगितलं. खरं म्हणजे पाव.

२५ फेब्रु., बुध.
प्र.चा फोन सकाळी साडेआठला. वाटलं, कळलं हिला.
"उडालं त्याचं जाऊ दे. ती निकालाची ओळ... सुशांत, बारावीच्या निकालाच्या दिवशी अण्णा माझ्याशी काहीच बोलले नव्हते. डबा घेतला आणि ड्युटीवर गेले. मला इतकी वर्षं वाटत होतं, कमी पडले मार्क म्हणून."
मी काय म्हणालो? "हं" म्हणालो.
"मी का वाचली नाही रे कधी पट्टी?"
हं.
तिने रडत रडत थँक्यू म्हटलं. मला.

२६ फेब्रु.
दुकानात एक फाइल आली प्र.कडून. अण्णांचा फोटो, खाली ती ओळ. 'ए-फोर, चांगल्या कागदावर, लॅमिनेट करून ठेव, शनिवारी नेते.'
फाइल परत पाठवायची, शाई संपली सांगायचं, मशीन मोडायचं, सगळं मनात आलं. जनाभाऊ: "आरं बघत काय बसलास? मशीन तापलंय, घाल की."
घातली. एक बुडबुडा आला नाही. इतकं गुळगुळीत लॅमिनेशन माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

१ मार्च, रवि.
त्रिशरण, पंचशील झालं. खीर झाली. अंगणात टीव्ही आणला होता. थीम मोठ्या पडद्यावरही सुरेख बसली, सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी वायर धरून उभा.
प्र. एकेक ओळ वाचत होती, सखारामबाबा खुर्चीत डोळे मिटून. खोकणाऱ्या इंजिनाला म्हणाले, "व्हय व्हय, असाच बोलायचा." ती निदान शेपटाकडून तरी अण्णांची आहे. मग चपलेची आली. ती कोणाची हे मला आता... बाबा म्हणाले, "त्या दिशी मी व्हतो संगट." म्हणजे खरी असेल? की बाबांनाच तसं वाटतंय?
मग निकालाची. बाबांनी हात पुढे करून चाचपत प्र.चं डोकं शोधलं, हात ठेवला. "मला म्हनला व्हता गं त्यो. त्याच दिशी म्हनला व्हता."
मावशी माझ्याकडे बघत होत्या. सगळे फोटोकडे, त्या माझ्याकडे. नंतर खिरीची वाटी देताना हळूच: "मला कदी बोल्ले न्हाईत ह्ये. चांगलं लिवलंय पर."
चांगलं लिवलंय. कोणी, ते म्हणाल्या नाहीत.

३ मार्च, मंगळ.
काल दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसलो. एकाच्या पॅनकार्डवर बापाचं नाव चुकीचं टाकलं. जनाभाऊ: "सुश्या, तुला झालंय काय? जा, घरी जा. न्हाईतर जिच्याशी बोलायचंय तिच्याशी बोल येकदाचा."
आज सकाळी फोन केला. बोलायला गेलो ते सगळं एका दमात: राग, चौकट, 'काढ' म्हणालो ते, पाच ओळी, बाकीच्या आठवून, काही मनाच्या.
पलीकडे ऑफिस. कोणाच्या तरी खुर्चीची चाकं ऐकू येत होती. वाटलं शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.
तिने विचारलं: "कुठल्या कुठल्या?"
"काय?"
"तुझ्या कुठल्या आणि अण्णांच्या कुठल्या. मला वेगळ्या करून दे."
फोन बंद.

४ मार्च
दुकानाच्या मागच्या पायरीवर, वही घेऊन. कोडमध्ये सोपं आहे, अण्णांच्या ओळींचा एक गट, माझ्या ओळींचा दुसरा, दोन रंग. रंग ठरवलेत. ओळी ठरत नाहीत.
स्क्रीनशॉटमधल्या पाच: अण्णा. पक्कं.
इंजिनाची: अर्धी. ओळीच्या मधोमध रंग बदलू?
पांगारा अण्णांचा. 'कोणी बघत नाही, गाड्या जोरात' हे पण त्यांचंच. की मी रोज शाळेत जाताना तो बघायचो, ते घुसलं? चपलेची, माहीत नाही. बाबा शपथेवर सांगतील, पण बाबा तर निकालाचीही सांगतात.
जितक्या वेळा वाचतो तितक्या सगळ्या अण्णांच्या वाटतात. नाहीतर सगळ्या माझ्या.

५ मार्च, गुरु.
यादी पाठवली. अण्णांच्या पाच. माझ्या चार. उरलेल्या दहांपुढे लिहिलं, 'कळत नाही. खरंच कळत नाही. रागावून नाही, थाप नाही.'
निकालाची ओळ मी माझ्या चारांत धरली होती. लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली, तेव्हा बाबांचा हात आठवला. तरी ठेवली. माझ्यातच ठेवली. 'पाठवा' दाबलं.
वाचलंय तिने. दोन निळ्या खुणा, सव्वाअकराला.
आता दीड. ब्लॉग उघडून बघितला. आत शिरायला गेलो, पासवर्ड बदललाय. पट्टी आहे, एकोणीसच्या एकोणीस, त्या ओळीसकट. पान पुन्हा ताजं केलं तर किनार थोडी हलल्यासारखी वाटली. आत कोणीतरी आहे. ती असेल. काढतेय की ठेवतेय, बाहेरून दिसत नाही.