उघड्या माळावरचं फाटक

मॅनिटोबा, कॅनडा
जून १८८४

टॅबिथाताईस, धाकट्या जेथ्रोने पोटरीभर चिखलात उभं राहून केलेला नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? चूल अजून धूर घरातच सोडते का? मी ठणठणीत आहे, इतका की तू शिवलेली पाटलोण आता बसत नाही. तू कळवलंस, डॉर्कस म्हणते की नवऱ्याने आधी नोकरी टिकवून दाखवावी, मगच बोटीत पाय ठेवीन. नेमकी ती रेल्वेची नोकरी गेल्या मंगळवारी जाता जाता राहिली.

त्याचं असं झालं. इथे रस्ता रूळ ओलांडतो तिथे फाटकच नसतं. (गाडीवान दोन्हीकडे बघतो आणि देवाचं नाव घेऊन बैल हाकतो.) आपल्या लिंकनशरला वर्षानुवर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलेल्या माणसाला हे बघवेल का? रुळांच्या देखभालीतून वेळ काढून मी फाटक उभं केलं, पांढरा रंग दिला, मधोमध तांबडी थाळी ठोकली. आजूबाजूला कुंपण मात्र नाही. त्यामुळे शेजारचा सिगुर्डुर (हा आइसलंडचा, हसतो पण चेहरा हलत नाही) बैलगाडीसकट वळसा घालून पलीकडे गेला आणि टोपी काढून म्हणाला, "बंद आहे वाटतं?"

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. आगगाडी यायची नसेल तेव्हा फाटक रुळांवर आडवं फिरवायचं आणि रस्ता मोकळा ठेवायचा. मी तेच केलं, आणि नेमकी मोठ्या साहेबांची खास गाडी न कळवता आली. जन्मात फाटक न पाहिलेल्या ड्रायव्हरने तांबडी थाळी बघून करकचून ब्रेक लावला. साहेबांचं सूप साहेबांच्याच जाकिटावर सांडलं.

"हे काय आहे?" साहेब उतरून ओरडले.

"फाटक, साहेब."

"अरे, पण कशाला? इथे चिटपाखरू नाही!"

"म्हणूनच लांबून दिसतं, साहेब."

"मला वाटलं," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "इथून पुढे दुसरं राज्य लागलं."

साहेबांनी बजावलं, संध्याकाळपर्यंत एक तर हे जाईल, नाही तर तू. फाटक गेलं. सिगुर्डुरने ते खांद्यावरून आणून माझ्या घरापुढे रोवलं, तेव्हा मला चक्क रडू आलं. आता लोक वाकडी वाट करून येतात, त्याला टेकून गप्पा मारतात आणि जाताना आठवणीने लावून जातात. नोकरी शाबूत आहे, बटाटे उगवलेत, मी मजेत आहे.

तुझा,
जेथ्रो

ता. क. वाटाण्याचं बी पाठव. इथला वाटाणा गोळीसारखा लागतो.

आणखी ता. क. ताई, ते नोकरी टिकवायचं बोलणं डॉर्कसचं नव्हे. तिने मला बिननोकरीचाच पत्करला होता. ते बोलणं तुझं. आई गेल्यापासून त्या घरात तुम्ही दोघीच. ती निघाली की भांडायचं कुणाशी, हे तुझं दुखणं मला कळतं. मी रागावलो नाही. पण मला तिच्यावाचून करमत नाही गं. तिला येऊ दे.

शेवटचा ता. क. एकटीला नको पाठवूस. तुझी खोली बांधून झाली आहे. खिडकी तेवढी कुठल्या भिंतीला पाडायची ते राहिलंय; तू आल्याशिवाय ते भांडण सुरू करता येत नाही.