रमजानभर हिरवा स्क्रीन

९ फेब्रुवारी, सोमवार
टीम लीडची जागा रिकामी झाली. ईदच्या आधी नाव जाहीर होणार. माझ्याशिवाय आहे कोण? गिझलान? कालची पोरगी. मीटिंगमध्ये मला प्रश्न विचारते, तेही सगळ्यांसमोर.

तिजानीसाहेबांना काहीतरी करून दाखवायचं. मेहुण्याचं, मबारकचं, आगादीरला माशांचं शीतगृह आहे. तिथलं यंत्र तापमानाची आणि दाराची नोंद वेबहुकने, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप, बाहेर पाठवतं. ती उचलून आपल्या कंपनीच्या लॉग मॉनिटरिंगवर, नोंदींवर नजर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर, टाकायची. तापमान चढलं किंवा दार उघडं राहिलं की त्याच्या आणि माझ्या फोनवर अलर्ट. डाव्या हातचा मळ.

आजपासून सिगारेट बंद. कायमची.

११ फेब्रुवारी, बुधवार
जमलं! मबारकने मुद्दाम दार उघडं ठेवलं आणि इकडे कासाब्लांकात माझा फोन बोंबलला. स्क्रीन लाल. दार लावलं, स्क्रीन हिरवा. दाजी, तुम्ही तर कमाल केलीत, म्हणाला. केलीच.

कटकट एकच. यंत्र फक्त घड्याळात किती वाजले ते पाठवतं, कुठल्या देशाच्या घड्याळात ते सांगत नाही. प्लॅटफॉर्मला ते लागतं. मी कोडमध्ये कायमचं लिहून टाकलं: ग्रिनिचच्या एक तास पुढे. मोरोक्को काय पळून जाणार आहे?

शिवाय अलर्टसाठी शेवटच्या पंधरा मिनिटांतल्याच नोंदी बघायच्या, असा नियम घातला. शिळ्या नोंदी हव्यात कुणाला?

सिगारेट एकच. आनंदाची.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसात जेवायला कुसकूस. गिझलान ताट घेऊन शेजारीच येऊन बसली. म्हणे, नूरद्दीनकाका, रविवारी रमजानसाठी देशभर घड्याळं मागे जाणार, तुमच्या कोडचं काय? काका! मी म्हटलं, बाळ, यंत्र आपलं घड्याळ आपोआप मागे घेतं. ती म्हणाली, अहो, तेच तर म्हणतेय. मी भोपळ्याची मोठी फोड तोंडात टाकली आणि विषय संपवला.

जळते, दुसरं काय!

१५ फेब्रुवारी, रविवार
घड्याळं तासभर मागे. बायकोने, झोहरने, स्वयंपाकघरातलं घड्याळ लावता लावता विचारलं, अहो, तुमच्या त्या मशीनचं बघितलंत का? म्हणजे आता घरातही एक गिझलान.

यंत्राने घड्याळ बरोबर मागे घेतलंय. मी स्वतः तपासलं. आता बोला!

२० फेब्रुवारी, शुक्रवार
रमजान सुरू झाला. एकही अलर्ट नाही. आधी माल चढवताना दार उघडं राहायचं आणि फोन सारखा वाजायचा. आता चिडीचूप. माझ्या धाकाने माणसं सुधारली.

मबारक म्हणाला, दाजी, परवा दार बराच वेळ उघडं होतं, तरी फोन वाजला नाही. मी म्हटलं, म्हणजे थंडी चांगली टिकतेय. आणि तो रखवालदार अजून कशाला ठेवलायस, थर्मामीटर बघायला? तो कां कूं करायला लागला. वर्षाचा निम्मा धंदा याच महिन्यात होतो दाजी, राहू दे ना. मी विचारलं, बहिणीच्या नवऱ्यावर विश्वास नाही तुझा? त्याने रखवालदाराला ईदपर्यंत सुट्टी दिली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
तिजानीसाहेबांना हिरवा स्क्रीन दाखवला. आठवडाभर हिरवागार. गिझलानने विचारलं, दार एकदाही उघडलं नाही? मग मासे काय भिंतीतून बाहेर जातात? सगळे फिदीफिदी हसले. रोजा धरून इतकी जीभ चालते कशी? साहेबही हसले, पण माझ्याकडे बघून. म्हणजे माझ्याच बाजूने.

लीड झालो की तिला दुसऱ्या टीममध्ये पाठवायची.

६ मार्च, शुक्रवार
मबारकचा फोन. काल इफ्तारच्या वेळी कॉम्प्रेसर बंद पडला. सगळे घरी हरीरा पीत बसले होते. सकाळी दार उघडलं तर नाकाला रुमाल. सगळा माल गेला.

मी स्क्रीन बघितला. हिरवा. त्याला तसं सांगितलंही. त्याने फोन ठेवून दिला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ मार्च, सोमवार
गिझलानने लॉग उघडले. सगळ्या नोंदी आल्या होत्या. तापमान कसं कसं चढत गेलं, सगळं होतं. फक्त प्रत्येक नोंद तासाभराची शिळी दिसत होती, आणि शिळ्या नोंदींकडे बघायचं नाही हा नियम माझा. रमजानात आपण ग्रिनिचच्या पुढे नसतो, बरोबरीला असतो. हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, असं ती म्हणाली. हळू म्हणाली, पण साहेबांनी ऐकलंच.

चूक सरकारची. घड्याळाशी खेळ कशाला? प्लॅटफॉर्मचीही आहे. तिने एका ओळीत दुरुस्त केलं. मी तेच करणार होतो.

झोहरने मला वाढलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन रोजा सोडला. भाऊ तिचाही फोन उचलत नाही.

११ मार्च, बुधवार
गिझलान टीम लीड. टाळ्या वाजवल्या. जोरात.

दुपारी फोन बोंबलला. आगादीर: दार उघडं, तापमान चढतंय. स्क्रीन लाल. अगदी वेळेवर! मबारकला फोन लावला. आज उचलला. ओरडलो, दार लाव, दार लाव!

तो म्हणाला, दाजी, आत काही नाहीये. रखवालदाराला परत बोलावलंय, तो धुतोय. वास जात नाही. दार उघडंच राहणार आहे.

संध्याकाळ झाली. फोन अजून वाजतोय. बंद कसा करायचा ते गिझलानला विचारावं लागेल.