पाच विषयांचे पेढे

बाई, तुमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि दोनदा दहावी नापास. कल्याणला एका दवाखान्यात आयाचं काम करायचे. नर्सिंगच्या ट्रेनिंगला दहावी लागायची, म्हणून तुमच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलेलं. तिथे मी ‘घर’चं ‘धर’ वाचलं आणि सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, रविवारी घरी ये म्हणालात. परातीत तांदळाचं पीठ पसरून मला बोटाने घ काढायला लावलात, मग ध, मग पुन्हा घ. मी प्रत्येक ओळीआधी “सॉरी बाई” म्हणायचे. शेवटी तुम्ही वैतागलात. “माफी मागायची तर देवळात जा. इथे वाच.” त्याच पिठाच्या मग भाकऱ्या व्हायच्या, आणि पहिली माझ्या ताटात पडायची.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासणीला तुम्हीच नेलंत. डॉक्टर म्हणाले, हिची बुद्धी चांगली आहे, अक्षरं ओळखायला अडचण आहे, पेपरला जादा वेळ मिळायला हवा. मी बाहेर बाकावर बसून रडले. इतकी वर्षं स्वतःला ढ समजत होते. “झालं रडून?” तुम्ही विचारलंत. “चल, उसाचा रस पिऊ.”

तिसऱ्यांदा दहावीला बसले, निकाल लागला आणि गणित राहिलं. बाबा आमच्या आगरी बोलीत म्हणाले, “पोरी, आता नाद सोर.” तुम्हाला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. तर भर दुपारी तुम्हीच आमच्या दारात, हातात पेढ्यांचा पुडा. आई गोंधळली. “अहो बाई, ती नापास झालीय ना?”

“सहापैकी पाच विषय सुटलेत. हे त्या पाचांचे. गणिताचे ऑक्टोबरच्या परीक्षेनंतर.”

बाबांनी एक पेढा उचलला, थोडं थांबून दुसरा. ऑक्टोबरला स्टेशनपर्यंत सोडायला तेच आले. गणित काठावर सुटलं, पण सुटलं.

तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली. मी सिस्टर म्हणून रिटायर व्हायला आलेय. हे पत्र टाकायचं कुठेच नाही, कपाटात ठेवीन. एक मात्र सांगते. औषधाचं नाव मला अजून दोनदा वाचावं लागतं. वॉर्डातल्या नव्या मुली म्हणतात, सिस्टर किती काळजी घेतात. मी बाटलीवरचं नाव दुसऱ्यांदा वाचते.