हिरव्या तुकड्याचा रंग

फेब्रुवारी, शनिवार संध्याकाळ

टीवाय बीएस्सीच्या केमिस्ट्री प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी हिंदमाताच्या कापडबाजारातल्या दुकानांतून साड्यांचे उरलेले तुकडे आणले होते. साबणाच्या पाण्यात कशाचा रंग किती जातो, ते मोजायचं. सगळ्यांचा गेला, एका हिरव्या तुकड्याचा गेलाच नाही. रोहन म्हणाला, "काढून टाक ना तो, ग्राफ बिघडतोय." बाकीचे हो म्हणाले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ज्याला खटकतोय त्याने घरी न्यावा."

मी आणला. का, माहीत नाही. रोज बादलीत भिजवते. आई म्हणते, धुवायचंच आहे तर चादरी धू.

आज पाणी हिरवं झालं. अगदी थोडं. ग्रुपवर फोटो टाकला. रोहनने लिहिलं, "चला, सुटलो." मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण इतके दिवस त्या तुकड्याने रंग कशाने धरून ठेवला होता, तेच डोक्यात.

चहाच्या वेळी आईने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला का विचारलं. म्हटलं, नाही भरणार. एमएस्सी करते, रंगांवरच. तिने दोघींचे कप विसळून ठेवले. मग म्हणाली, "आधी ती बादली रिकामी कर."

अजून केलेली नाही.